हेमकांत अप्पाचा बिनखरखरीचा रेडिओ

ब्राह्मणपुरीत हेमकांत अप्पाचं घर विचारलंत, तर कुणी घर दाखवणार नाही. सरळ गाडी दाखवतील. निंबाखाली एक पांढरी गाडी उभी दिसेल, काचा वर केलेल्या, आणि आत पुढच्या सीटवर एक म्हातारा डोळे मिटून मान मागे टाकून पडलेला. पाहुणा नवा असला की त्याला वाटतं, म्हातारा गेला. तो काचेवर टकटक करतो, दार ओढून बघतो, दोन माणसं हाका मारून गोळा करतो. मग आतला म्हातारा एक डोळा उघडतो आणि बोट तोंडावर ठेवून गप्प बसायची खूण करतो. घाबरायचं कारण नाही. अप्पा रेडिओ ऐकत असतो.

होय, गाडीत. घर आहे, ओटा आहे, ओट्यावर झोपाळा आहे, पण अप्पा रेडिओ ऐकतो तो गाडीत, कारण त्या गाडीत डिजिटल रेडिओ आहे. गाडीला चालताही येतं म्हणतात. अप्पाने तिला शहाद्याला नेलं असेल चारदोन वेळा, ते पण रस्त्यात कुठे कसा आवाज येतो ते बघायला. कौसाबाई म्हणजे अप्पाची बायको, तिला एकदा रनाळ्याला माहेरी जायचं होतं. अप्पा म्हणाला, बातम्यांची वेळ आहे. ती बिचारी एसटीने गेली.

हा माणूस साधासुधा नाही, असं त्याचं स्वतःचं मत आहे. साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर त्याची नोकरी झाली. ट्रॅक्टर यायचा, काट्यावर चढायचा, अप्पा वजन सांगायचा आणि ते वजन गावाला मान्य करावंच लागायचं. पुढे नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही. आजही अप्पा बोलतो ते वजन करून दिल्यासारखं बोलतो, समोरच्याने नुसती मान हलवायची.

रेडिओचा नाद त्याला काट्यावरच लागला. ट्रॅक्टरांच्या रांगेत वेळ जावा म्हणून टेबलावर एक रेडिओ होता. त्याच्यावर फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम लागायचा, आणि गाण्याआधी पत्र पाठवणाऱ्यांची नावं वाचायचे. एवढंच अप्पाच्या मनात बसलं. आपलं नाव रेडिओवर यावं. दुसरं काही नको. माणसाला आमदार व्हावंसं वाटतं, कुणाला बंगला बांधावासा वाटतो, ह्याला आपलं नाव एकदा त्या जाळीतून बाहेर पडलेलं ऐकायचं होतं. पत्रं टाकून टाकून हात दुखले. गाणं लागायचं, नावं यायची, धुळ्याची यायची, तळोद्याची यायची, अप्पाचं काही येईना. एकदा मात्र ब्राह्मणपुरीचं नाव आलं. अप्पा खुर्चीवरून उठला. 'ब्राह्मणपुरीहून दोधू आणि त्यांचे मित्रमंडळ.' दोधू म्हणजे अप्पाचा चुलतभाऊ. त्याने आयुष्यात एकच पत्र टाकलं होतं, तेही गंमत म्हणून. त्या दिवसापासून अप्पा दोधूशी बोलतो, पण दात दाबून.

तर घरात कायदा झाला. बातम्या लागल्या की सगळं चिडीचूप. मिक्सर नाही, हाक नाही, पोराचं रडणं नाही. श्रावणात कानबाई बसते तेव्हाही हाच कायदा. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवतात. सगळी भाऊबंदकी एका घरी जमते, नैवेद्याचे रोट होतात, आणि बाया ओट्यावर बसून देवीची गाणी म्हणतात. अप्पाचं घर मोठं, म्हणून कानबाई त्याच्याच ओट्यावर. बाहेर गाणी सुरू झाली की आत अप्पा रेडिओचा कान पिळायचा आणि ओरडायचा, "हळू गावा, बातम्या चालू शेतीस." म्हणजे हळू गा, बातम्या चालू आहेत. बाया आवाज कमी करायच्या. कौसाबाई सगळ्यात आधी करायची. ती म्होरक्या गळ्याची बाई, तिने आवाज उतरवला की बाकीच्यांचा आपोआप खाली यायचा.

नवी गाडी घ्यायची झाली तेव्हा विकणाऱ्या पोऱ्याने डिकी दाखवली, मायलेज सांगितलं, एअरबॅग सांगितल्या. अप्पा जांभया देत होता. जाता जाता तो पोऱ्या म्हणाला, ह्यात डिजिटल रेडिओपण आहे. अप्पाने विचारलं, म्हणजे? तो म्हणाला, खरखर नाही. झालं. अप्पाने तिथल्या तिथे गाडी पक्की केली. रंग कोणता ते घरी आल्यावर कळलं.

आता डिजिटल म्हणजे काय, हे मी सांगायला गेलो तर अप्पाला राग येईल. गावात ते सांगायचा हक्क एकट्या त्याचा. एरवी तो चारचौघांसारखा अहिराणी बोलतो, पण हा विषय निघाला की त्याला सभेतलं मराठी फुटतं. गाडीचं दार उघडून, एक पाय बाहेर टाकून तो सांगतो:

"जुन्या रेडिओत आवाज जसाच्या तसा लाटेवर चढवून पाठवतात. म्हणजे उघड्या बैलगाडीत ऊस भरून सोडला. वाटेत जे आत पडेल ते पडेल. वीज चमकली, तिचा आवाज आत. कुणाची मोटर लागली, तिचा आवाज आत. पाचट, माती, धूळ सगळं उसाबरोबर तुमच्या घरी. ती खरखर. डिजिटलमध्ये तसं नाही. तिथं केंद्रावरच आवाजाचे आकडे करतात. शून्य आणि एक, बस. त्या आकड्यांच्या मोळ्या बांधतात आणि लाटेवर ठेवतात. इकडे ह्या गाडीत काटा आहे. तो मोळ्या तपासतो, कचरा फेकतो, एखादी मोळी वाटेत सांडली असली तर बाकीच्यांवरून हिशेब लावून ती भरून काढतो. मग त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करतो. निघाला तसाच पोचला. काही समजलं?"

माणसं मान हलवतात. मग अप्पा फायदे सांगतो. एका केंद्राच्या जागेत दोन दोन, तीन तीन कार्यक्रम मावतात. पडद्यावर केंद्राचं नाव येतं, गाणं कोणाचं ते येतं, बातमीची ओळ येते. पूर आला, वादळ आलं, तर तशी सूचना पडद्यावर येण्याची सोय आहे. केंद्राला वीजही कमी लागते. हे सगळं खरं आहे बरं का. अप्पा कितीही चढेल असला तरी ह्यात त्याने पदरचं काही घातलेलं नाही. आवाज तर असा साफ, की निवेदिकेने श्वास घेतला तरी कळतो.

फक्त एकदा दोधूने विचारलं, "आनि अप्पा, बऱ्याच मोळ्या सांडन्यात तं?"

"सांडतीस नही," अप्पा म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

इथंच खरी मेख होती. जुना रेडिओ गरीब. त्याच्यापर्यंत अर्धं गाणं पोचलं तर तो अर्धं गाणं आणि अर्धी खरखर पुढ्यात वाढतो. हा नवा मानी. थोडं सांडलं तर झाकून घेतो, पण ठरावीक हद्दीपलीकडे सांडलं की अर्धवट काही देतच नाही, तोंडच मिटून बसतो. काट्यावर जन्म काढलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. पण अप्पाला आपल्या वस्तूत खोट दिसायची सवय नाही.

जुन्या रेडिओचं काय केलं? तो अप्पाने सालदाराला, म्हणजे सालभराच्या गड्याला, दिला. सुकलाल सालदार घरामागच्या मक्याच्या वावरात राखणीला असतो. दिवसा माकडं, रात्री रानडुकरं. माणसाचा आवाज आला की जनावर थबकतं, म्हणून सुकलालने तो रेडिओ बाभळीला टांगला आणि रात्रंदिवस चालू ठेवला. त्यात एक गंमत झाली. दोन्ही रेडिओंवर एकच केंद्र लागायचं, पण जुना आधी बोलायचा आणि नवा काही सेकंद मागून. मोळ्या मोजायला, जुळवायला वेळ लागतो, त्याला कोण काय करणार? पण दोधूला तेवढंच पुरलं. तो गाडीजवळ उभा राहून कान वावराकडे करायचा आणि बातमी आधीच सांगून मोकळा व्हायचा. मग गाडी तीच बातमी सांगायची.

"अप्पा, तुन्ही बातमी शिळी शे," दोधू म्हणाला. "माकडेसले आधी समजस, मंग तुले."

"मोजाले येळ लागस," अप्पा म्हणाला. पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

आता मुद्द्याचं. अप्पाने रेडिओकेंद्राला एक लांबलचक पत्र लिहिलं, की मी इतकी वर्षं ऐकतो, माझ्या घरी डिजिटल सोय आहे, तरी माझी मुलाखत घ्यावी. आणि काय सांगता, तिकडून एक बाई खरोखरच आली. हातात रेकॉर्डिंगचं यंत्र, स्वभावाने गोड. अप्पाने इस्त्रीचा सदरा घातला होता. तो मोळ्यांवर बोलू लागला. बाईने ऐकलं, मान हलवली. आत कौसाबाई कानबाईच्या रोटांचे गहू पाखडत होती आणि आपल्याशीच काहीतरी गुणगुणत होती. बाईचं लक्ष तिकडे गेलं. तिने अप्पाला विचारलं, "कोण गातंय?"

"ते काही नही, मन्ही घरवाली," अप्पा म्हणाला. "तर मी काय सांगत होतो, आकडे दोनच असतात."

बाई उठून आत गेली. पाच मिनिटांत अप्पा आतल्या खोलीतून बाहेर. त्याला खोकला येत होता, मध्येच बोलावंसं वाटत होतं, म्हणून बाईनेच हात जोडून सांगितलं, थोडा वेळ बाहेर बसाल का? तो गाडीत जाऊन बसला, काचा वर करून. आत कौसाबाईने आधी पदर तोंडावर घेतला, मग शेजारणींना बोलावून देवघरातल्या कानबाईच्या नारळापुढे बसली, मग एकदा आवाज लागला तो लागलाच. अप्पाला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. मुलाखत अशी गेली.

पण माणूस चिवट. आठवड्याने फोन आला, की कौसाबाईंची गाणी अमुक दिवशी दुपारी महिलांच्या कार्यक्रमात लागतील. अप्पाने फोन ठेवला तोवर त्याच्या डोक्यात मांडव पडलाही होता. बायको कुणाची? माझी. रेडिओ कुणाचा? माझा. सगळ्या गावाने माझ्या दारात बसून ऐकलं पाहिजे, खरखर नसलेलं, साफ. आणि दोधूने पहिल्या रांगेत बसलं पाहिजे.

कौसाबाईला विचारलं का कुणी? तिला एवढंच हवं होतं, की आपला आवाज बाहेरून कसा लागतो ते एकदा ऐकावं. उभ्या आयुष्यात तिने तो आतूनच ऐकला होता. ती अप्पाला म्हणाली, "घरमाच आयकूत ना. मांडव कसाले?" अप्पा म्हणाला, तुले काय समजस त्यामधलं.

शहाद्यात स्टँडजवळ शांतिलालशेठचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. अप्पाने मोटरसायकलवाल्या पुतण्याला घेऊन ते गाठलं आणि लायटिंगच्या माळा मागितल्या, त्या झगमगणाऱ्या, पाणी वाहतं तशा पळणाऱ्या. शांतिलालशेठ भला माणूस. त्यांनी विचारलं, "अप्पासाहेब, कार्यक्रम दुपारचा आहे ना? उन्हात दिसतील का?"

"दिसोत का न दिसोत. मांडव म्हटला म्हणजे लायटिंग पाहिजे."

"मग थोड्या जास्त लावा," शांतिलालशेठ म्हणाले, आणि वरच्या फळीवरचं खोकं काढलं.

आमच्या भागात हे असंच आहे. बारसं असो, दहावं असो, बोअरला पाणी लागलेलं असो, मांडव आणि लायटिंग नसली तर झालेलं काही झालंच नाही असं वाटतं. माळा स्वस्तातल्या, चिनी. त्यांच्या पेटीत एक खटका सारखा उघडझाप करतो, आणि तो आपल्या आजूबाजूला असा काही गोंधळ सोडतो, की रेडिओच्या लाटेला जागाच उरत नाही. ह्याची कल्पना ना शेठला, ना अप्पाला. आदल्या दिवशी अप्पाने माळा न लावता रेडिओ तपासला. स्वच्छ. निवेदिकेचा श्वाससुद्धा आला.

कार्यक्रमाच्या दिवशी गाडी धुतली, पुसली, बॉनेटवर हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मांडवातल्या खुर्च्या गाडीकडे तोंड करून मांडल्या. निम्मं गाव एका उभ्या गाडीसमोर रांगेने बसलं. गाडीच्या शेजारी लाल मखमली खुर्ची, तिच्यावर कौसाबाई, नवं लुगडं, हात मांडीवर, मान खाली. बाकी तिला कुणी काही विचारलं नाही. माळा मांडवाच्या खांबांना, गाडीच्या आरशांना, आणि टपावर रेडिओची जी दांडी असते तिलासुद्धा एक, शोभेला, चांगले चार वेढे देऊन.

अप्पाने उभं राहून सांगितलं, "सगळ्यांनी मोबाइल बंद करा. मोबाइलच्या लाटा आडव्या येतात." माणसं कुरकुरली, पण केले बंद. पंचायत समितीतून आलेल्या कारकुनाचाही बंद करायला लावला. मग मोळ्यांचं भाषण झालं, सगळं, पहिल्यापासून. दोधू पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसला होता. गाडीत बारीक संगीत चालू होतं, अगदी साफ. निवेदिका म्हणाली, "ऐका आता ब्राह्मणपुरीच्या..." आणि अप्पाने पुतण्याला हाताने खूण केली, लाव.

सगळ्या माळा एकदम पेटल्या. गाडी गप्प झाली.

आधी वाटलं, कार्यक्रमच असा आहे, जरा थांबून सुरू होईल. अप्पा हसऱ्या तोंडाने उभा. पडद्यावर केंद्राचं नाव होतं ते गेलं, बारीक चकरी फिरू लागली. अप्पाने आवाज वाढवला. काहीच नसलेल्याचा आवाज वाढवून काय होणार? त्याने बटणं दाबली, गाडी चालू केली, बंद केली. "केंद्र बंद पडनं," तो म्हणाला. मग म्हणाला, कुणीतरी मोबाइल चालू ठेवलाय. कारकुनाने खिसा उलटा करून दाखवला. मग त्याने आभाळाकडे पाहिलं, ढगांमुळे असेल. उन्हात त्या माळा पळत होत्या, कुणाला दिसत नव्हत्या, पण पळत होत्या.

दोधूने खाकरून घेतलं. "बऱ्याच मोळ्या सांडन्यात वाटस," तो म्हणाला.

मांडवात खसखस पिकली. अप्पाचे कान तापले. त्याने वळून पाहिलं तर लाल खुर्ची रिकामी. चहा बघायला गेली असेल, असं त्याला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंच वाटलं. तिच्या तोंडाकडे बघवलं नसतं. तो पुन्हा गाडीत शिरला आणि त्या चकरीकडे बघत बसला. बाहेर माणसांनी मोबाइल चालू केले, कुणी म्हणालं नेटवर पण लागतो हा कार्यक्रम, पण नेटची गत गावात माहीतच आहे, तिथंही एक चकरी फिरू लागली. पोरं उठून गेली. बाया लुगड्यांच्या गप्पा मारू लागल्या. आणि ते गाणं तिकडे आभाळातून वाहत होतं, अप्पाच्या टपावरून, हारावरून, अप्पाच्या टकलावरूनसुद्धा, आणि त्याला ते धरता येत नव्हतं. मला ह्या माणसाची चीड येते, पण त्या वेळी त्याची कीवही आली.

मग रोजच्यासारखी वीज गेली. माळा विझल्या. त्याच क्षणी गाडीतून निवेदिका बोलली, इतकी साफ, की पुढच्या रांगेतली म्हातारी दचकली:

"...आत्ता आपण ऐकलीत ब्राह्मणपुरीच्या कौसाबाई यांच्या आवाजातली कानबाईची गाणी. आता ऐका कांद्याच्या रोपवाटिकेची काळजी."

 मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. दोधूने विझलेल्या माळांकडे पाहिलं, टपावरच्या चार वेढ्यांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि तो काहीच बोलला नाही. त्याचं बोलणं अप्पाने सोसलं असतं. हे त्याला जास्त लागलं.

तेवढ्यात मागच्या दारातून कौसाबाई आली. नव्या लुगड्याचा काठ चिखलाने भरलेला, डोळे पाणावलेले, पण तोंड असं उजळलेलं की अप्पाने ते बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. तिच्यामागे सुकलाल सालदार.

"कोठे व्हती?" अप्पाने विचारलं.

"वावरमा," ती म्हणाली. "बाभूळखाले. आयकी उनू."

"वाजनं?"

"खरखर व्हती. पन आवाज मन्हाच व्हता." एवढं सांगून ती चहा टाकायला गेली.

सुकलाल मात्र तिथंच घुटमळत राहिला. त्याला सांगितल्याशिवाय राहवेना. "अप्पा, तुमनं नाव उनं ना रेडिओवर," तो म्हणाला. "दोन डाव. मी आवाज मोठा करा व्हता, समदा माकडं पळी गयात."

अप्पाने सुकलालचा दंड धरला. "मन्हं नाव? रेडिओवर?"

"हा ना. कौसाबाईनी लिधं. गानामा."

मांडव उतरला, माळा खोक्यात गेल्या, माणसं आपापल्या घरी गेली. संध्याकाळी कौसाबाई चुलीशी बसली होती. अप्पा दोनदा दारापर्यंत येऊन परत गेला, तिसऱ्यांदा आत आला.

"नवनीतनी माय," तो म्हणाला. नवनीत त्यांचा मुलगा, पुण्याला असतो. अप्पाने बायकोला नावाने कधी हाक मारलेली नाही, आणि तिने तर नवऱ्याचं नाव घ्यायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे घेत नाहीत. "गानामा मन्हं नाव शे?"

"शे ना."

"कवयपाईन?" कधीपासून, ते अप्पाला हवं होतं.

"लगीन व्हयनं तवयपाईन." तिने भाकरी उलटली. "समद्या बाया आपापला मालकनं नाव लेतीस. एरवी ल्याले चालत नही, पन कानबाईपुढे चालस. तिले सांगनं पडस ना, कोनले सुखी ठेव म्हनीसन."

अप्पा पाटावर बसला. मग म्हणाला, "माले कसं कवयच आयकू नही उनं?"

"कसं येई?" ती म्हणाली. रागाने नाही, सरळ. "तुम्हीच सांगेत ना, हळू गावा, बातम्या चालू शेतीस."

झालं ते एवढंच. ह्या माणसाने आयुष्यभर पत्रं टाकली, गाडी घेतली, मांडव घातला, आणि त्याचं नाव दर श्रावणात त्याच्याच ओट्यावर घेतलं जात होतं. भिंतीपलीकडे. शेवटी ते रेडिओवरही आलं, दोनदा, आणि ऐकलं कुणी? माकडांनी.

"आते म्हनी दखाड ना," अप्पाने तिला गाऊन दाखवायला सांगितलं.

कौसाबाई लाजली. ह्या वयात खरंच लाजली. "असं कसं म्हनसू? तुमनं नाव ल्यानं पडी ना. रविवारे कानबाई बठी, तवय म्हनसू."

रविवार आला. दिवस मावळायला कानबाई बसली, दागिने चढले, रोटांचा वास सुटला. भाऊबंद जेवून अंगणाबाहेर पांगले आणि बाया ओट्यावर गोल करून बसल्या. अप्पा सकाळपासून दाढी करून तयार होता. तो येऊन ओट्याच्या पायरीवर बसला. गाणं सुरू होणार ते होईना. सुनांनी पदर सारखे केले, एकमेकींना कोपराने ढोसलं. पुरुषमाणूस पुढ्यात बसलेला असताना नावं कशी घ्यायची? शेवटी दोधूची बायकोच म्हणाली, "अप्पा, तुमन्या बातम्या व्हई ऱ्हायन्यात ना?"

अप्पा उठला. निमूट गाडीत जाऊन बसला. पण रेडिओ लावला नाही. काच खाली केली, कान बाहेर काढला आणि अंधारात श्वास धरून बसला. ओट्यावर गाणं लागलं. काय तो गळा! मांजरपाटासारखा जाड, सरळ, कुठे न अडकणारा. पहिलं नाव दोधूचं आलं, त्याच्या बायकोने घेतलं, आणि अप्पाला तेही गोड लागलं. दुसरं आलं, तिसरं आलं. आता कौसाबाईची पाळी.

गाणं थांबलं. ओट्यावर कुजबुज झाली. कौसाबाई उठून लगबगीने गाडीपाशी आली आणि काचेतून आत वाकली.

"रेडिओ कसा काय बंद शे?" तिने विचारलं. "तब्येत बरी शे ना तुमनी?"

"बरी शे. तू म्हन ना."

"मंग लावा ना तो. बाया घाबरी गयात, अप्पाले काही व्हयनं का म्हनीसन. आनि तुम्ही आयकी ऱ्हायनात अशे समजनं तं कोनीच नाव लेवाव नही. मी बी नही."

ती हलायला तयार नव्हती. अप्पाने रेडिओ लावला. पडदा उजळला, केंद्राचं नाव आलं. कौसाबाईने हवा गार आहे म्हणून काच वर करायला लावली, पदर सावरला आणि ओट्यावर जाऊन बसली. पडद्याचा उजेड अप्पाच्या तोंडावर पडला होता, तो ओट्यावरून सगळ्यांना दिसत होता, त्यामुळे बंद करायची सोय राहिली नाही. अप्पाने आवाज कमी केला तरी तो स्पष्टच, आणि काच बंद असल्यामुळे ओट्यावरचं काही आत येईना. काचेपलीकडे कौसाबाईने मान वर केली, डोळे मिटले, आणि तिचे ओठ हलू लागले. अप्पा नाक काचेला लावून त्या ओठांकडे बघत होता, ह्यात आपलं नाव कुठे आहे ते शोधत. गाडीत निवेदिका सांगत होती, नंदुरबार जिल्ह्यात येत्या दोन दिवसांत तुरळक ठिकाणी हलक्या सरी. खरखर अजिबात नव्हती.